माघारी दवंडी

हिवरणीतल्या कुणीतरी अटी आणि शर्ती वाचल्या होत्या.

सारिका आवळेने डोळे चोळून पडद्याकडे पुन्हा पाहिलं. कोणतीही वेबसाइट उघडली की आधी एक लांबलचक मजकूर समोर येतो आणि तळाशी 'मान्य आहे' असं बटण असतं. ते बटण दाबायचं आणि पुढे जायचं, ही जगाची रीत. हिवरणीच्या या वाचकाने मात्र अक्षरं होता होईल तेवढी मोठी करून तो मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता. एका बैठकीत जमलं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेला वाचला होता आणि मगच 'मान्य आहे' दाबलं होतं. तेही अंगठ्याने नव्हे, डाव्या हाताच्या तर्जनीने.

सारिकाला हसूच फुटलं. उजव्या अंगठ्यावर कधीकाळी कोयता लागून तो ताठ झालेला आणि कागद वाचल्याशिवाय कुठेही मान न डोलावणारा माणूस हिवरणीत एकच होता. तो तिचा बाप होता.

सारिका पुण्यात 'कानोसा' नावाच्या कंपनीत कामाला होती. गावोगावच्या बातम्यांच्या वेबसाइटवर या कंपनीचा एक न दिसणारा मोजणीदार बसलेला असे. कोण आलं, कुठवर वाचलं, कुठे कंटाळून निघून गेलं, जाताना बातमी कुणाला पाठवली, हे सगळं तो मोजायचा. असले मोजणीदार पूर्वीही होते. पण त्यांच्याकडून कळायचं काय, तर लोकांना भांडणं, अपघात आणि सोन्याचे भाव आवडतात. एवढं कळायला यंत्र कशाला हवं होतं, देव जाणे.

कानोसाने मोजली ती थबक. बातमी वाचून झाली की बोट 'पाठवा' या खुणेकडे जातं आणि टेकण्याआधी हवेत जरासं थांबतं. त्या थांबण्यात फोन किंचित कलतो, हाताची थरथर बदलते, बोट टेकतं तेव्हा त्याचा दाब वेगळा पडतो. फोनचा तोल सांभाळणाऱ्या इवल्याशा भागाला हे सगळं जाणवतं. मनात शंका असेल तर थबक लांबते. खात्री असेल तर ती असून नसल्यासारखी होते. माणूस तोंडाने काहीही सांगो, थबक खोटं बोलत नाही, कारण आपण थबकलो हे त्याचं त्यालाच माहीत नसतं.

मोजता मोजता एक विलक्षण गोष्ट हाती लागली. ज्याची थबक लांब असते, त्याने पाठवलेल्या बातमीवर पुढची माणसं थबकतच नाहीत. घरातली, गल्लीतली, गावातली माणसं ती झरझर पुढे ढकलतात. म्हणजे विश्वास हा काही मोठा गूढ प्रकार नाही. आपल्या वाटचं थबकणं दुसऱ्या कुणीतरी आधीच उरकून ठेवलेलं असतं, त्यालाच आपण विश्वास म्हणतो. अशी थबकणारी माणसं एखाद्या गावात एकदोनच निघत. कंपनीत त्यांना 'उंबरठा' म्हणत, कारण बातमी त्यांना ओलांडून आली की थेट घरात शिरायची.

हिवरणीच्या उंबरठ्याची थबक राज्यात सगळ्यात लांब होती. सारिकाचा ऊर अभिमानाने भरून आला, आणि इथेच तिचं चुकलं. नकाशावर त्या वाचकाला नाव नव्हतं, नुसता एक ठिपका होता. हिने तडक मैथिली नगरकरांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "मॅडम, हिवरणीचा उंबरठा आहे ना, ते माझे वडील आहेत."

मैथिलीबाई कंपनीच्या प्रमुख. कधी आवाज चढवायच्या नाहीत, कुणाचा वाढदिवस विसरायच्या नाहीत.

"काय सांगतेस! काय करतात ते?"

"गावचे कोतवाल होते. दवंडी द्यायचे."

"दवंडी," मैथिलीबाई शब्द घोळवत म्हणाल्या. "मला सगळं सांग. अगदी सगळं."

आणि सारिकाने सांगितलं. बापाचं कौतुक सांगायला कुणी बसवून घेतलं तर कोणती मुलगी गप्प बसेल?

*

महिपती आवळे म्हणजे हिवरणीचे तात्या. चावडीवरून निरोप निघाला की हलगी शेकून कमरेला लावायची आणि ठरलेल्या वाटेने निघायचं, अशी त्यांची उभी नोकरी गेली. आधी चावडी, मग पार, मग मशिदीचा कोपरा, मग बाजारपेठ, शेवटी वेस. प्रत्येक ठिकाणी हलगी वाजवून निरोप सांगायचा आणि कुणीतरी "ऐकलं" म्हणेपर्यंत पुढे पाऊल टाकायचं नाही. निवृत्त झाल्यावर गावकऱ्यांनीच त्यांना फोनवर 'हिवरणी दवंडी' नावाचा ग्रुप काढून दिला. त्यावर फक्त तात्यांनी लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. सुप्रभात नाही, देवाचे फोटो नाहीत, की जावयाच्या नावाने विनोद नाहीत. तात्यांनी काही टाकलं की ते खरं असायचं, एवढीच त्या ग्रुपची महती होती.

सारिका पुढच्या रविवारी घरी गेली तेव्हा तात्या ओट्यावर बसून वेबसाइटवरची बातमी वाचत होते. शेजारच्या भीमाबाई भाजीची पाटी उतरवून चहाला टेकल्या होत्या. सारिकाची आई गेल्यापासून सकाळचा चहा भीमाबाईंकडून यायचा आणि त्याबरोबर गावभरच्या खबरीही यायच्या.

"तात्या, एवढा वेळ काय बघताय?" सारिकाने विचारलं.

"डांबरी सडक होनार म्हन्त्यात. हितं लिवलंय. पर एका तोंडाची बातमी हाय. दुसरं तोंड गावलं पायजे."

"म्हणजे?"

"अगं, दोन तोंडं असल्याबिगर हलगीला हात लावायचा न्हाई, ही माज्या बापाची शिकवन. एक तोंड बोललं तर ती नुसती कुजबुज. दुसऱ्या, लांबच्या तोंडानं तेच सांगितलं तर मग बातमी. आता मी दुसरी वेबसाइट उघडून बगतो. तितंबी असलं तर मग टाकतो."

"आणि तुम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिलं असेल तर?"

"आपलं तोंड धरायचं न्हाई," तात्या ठामपणे म्हणाले. "मानसाला वाटतं ते निराळं आन् असतं ते निराळं. कोतवालानं सवताला मोजलं की गाव खड्ड्यात गेलं म्हनून समज."

"त्या एका बारीला सवताला मोजलंवतं, तवा काय झालं सांगा की पोरीला," भीमाबाई मिश्कीलपणे म्हणाल्या.

तात्या ओशाळून हसले. तरुणपणी एकदा तहसीलदारांचा निरोप नीट न ऐकता त्यांनी लेकरांच्या पोलिओ डोसाचा दिवस चुकीचा सांगितला होता. बाया लेकरं कडेवर घेऊन दवाखान्यात गेल्या आणि हात हलवत परत आल्या. मग तात्यांनी माघारी दवंडी दिली होती. माघारी दवंडी म्हणजे सांगितलेलं परत घेणं. त्याची वाट उलटी असते. वेशीपासून सुरू करून चावडीपर्यंत यायचं, अनवाणी यायचं, आणि प्रत्येक ठिकाणी म्हणायचं की मी बोललो ते खोटं होतं, माझा शब्द माघारी घेतो. कोतवालाला यापेक्षा मोठी नामुष्की नाही.

"त्यानंतर गाव तुमच्यावर चिडलं असेल," सारिका म्हणाली.

"उलटं झालं," भीमाबाई म्हणाल्या. "चुकलं तर चुकलं म्हनून सांगतोय म्हनल्यावर लोकं जास्तच इस्वास ठिवाय लागली."

हेही सारिकाने सोमवारी ऑफिसात जेवताना सांगितलं. मैथिलीबाई डबा खायच्या थांबल्या आणि त्यांनी तिला दोनतीन प्रश्न विचारले. दुसरी वेबसाइट कोणती उघडतात, हा त्यातला एक होता.

*

महिना उलटायच्या आत तात्यांचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"सारिका, माज्या हातनं लई वंगाळ झालं."

त्यांनी ग्रुपवर टाकलं होतं की कोंबड्यांच्या साथीमुळे या गुरुवारचा बाजार भरणार नाही. वेबसाइटवर तशी बातमी होती. त्यांनी दुसरी वेबसाइट उघडली, तिथेही होती, वेगळ्या शब्दांत. दोन तोंडं झाली. त्यांनी बातमी टाकली आणि घटकाभरात ती तालुकाभर गेली. गुरुवारी बाजार भरला, पण घ्यायला माणूस आलं नाही. भीमाबाईंनी उसनवारीने आणलेली टोमॅटोची अख्खी गाडी सडली. आणि आता त्या दोन्ही वेबसाइटवर ती बातमीच सापडत नव्हती.

"भीमाबाय एका शब्दानं बोलली न्हाई गं मला. बोलली असती तर बरं झालं असतं."

दोन्ही वेबसाइटवर कानोसाचाच मोजणीदार होता. तिने मशीनवर तात्यांचा ठिपका उघडला. ती बातमी तात्यांना किती रूपांत दाखवली होती, ते सगळं तिथे दिसत होतं. पहिल्या रूपावर बोट हवेत खूप वेळ थांबलं होतं आणि तसंच मागे फिरलं होतं. मग शब्द बदलले, थबक थोडी कमी झाली. मग सरकारी हुकमाची भाषा आली. मग तेच दुसऱ्या वेबसाइटवरही ठेवलं गेलं आणि थबक एकदम खाली आली. बाकी कुणालाही त्या बातम्या दिसल्या नव्हत्या. सगळी एकट्या तात्यांसाठी मांडलेली होती.

ती मैथिलीबाईंच्या केबिनमध्ये शिरली.

"मॅडम, तुम्ही म्हणाला होतात फक्त मोजायचं."

"मोजलंच की," मैथिलीबाई शांतपणे म्हणाल्या. "ढकलल्याशिवाय वजन कसं कळणार? मुद्दाम साधी बातमी निवडली. एका बाजाराचा प्रश्न, कुणाच्या जिवाचा नाही."

"एका बाईचं वर्षाचं नुकसान झालंय."

"आपण भरून देऊ. निनावी. आणि तुझ्या वडिलांना आजपासून यादीतून काढू. माझा शब्द आहे." त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. "तू आत आहेस म्हणून हे तुला कळलं, सारिका. बाहेर असतीस तर कळलंही नसतं. विचार कर."

सारिकाने विचार केला. नोकरी सोडली तर तात्यांवर नजर कोण ठेवणार, असं तिने स्वतःला समजावलं. असल्या वेळी माणसाला जे सोयीचं असतं तेच शहाणपणाचं वाटतं. ती राहिली.

पण तात्यांना मात्र तिने सगळं सांगितलं. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी दोन्ही तोंडं एकाच मानसाची हुती?"

"हो तात्या."

"तरीबी सांगितलं मीच. सबुद माजा गेलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी हलगी शेकली, पायातल्या वहाणा काढल्या आणि वेशीकडे निघाले. सत्तरी ओलांडलेला माणूस टोचऱ्या खडीवरून अनवाणी चालतोय, ताठ अंगठ्याच्या हाताने हलगी वाजवतोय, आणि थांबून थांबून म्हणतोय, "ऐका हो! बाजाराचं म्या जे बोललो ते खोटं हुतं. माजा सबुद माघारी घेतो." बाजारपेठेत भीमाबाईंच्या रिकाम्या पाटीसमोर त्यांचा आवाज फुटला. भीमाबाई पदराने डोळे पुसत "ऐकलं" म्हणाल्या. चौफेर फोन वर झालेले होते.

तो व्हिडिओ राज्यभर गेला. नेते खोटं बोलून सुखाने झोपतात आणि हा म्हातारा बघा, असं लिहून लोकांनी तो एकमेकांना पाठवला. ऑफिसात मोठ्या पडद्याभोवती गर्दी झाली. नकाशावर हिवरणीपासून ठिपके पेटत चालले होते आणि थबक कुठेच नव्हती. लोकांची बोटं हवेत थांबतच नव्हती.

"असं काही कधी पाहिलं नव्हतं," मैथिलीबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "खरं सांगणाऱ्यावर लोक विश्वास ठेवतात, ठीक आहे. पण सांगितलेलं परत घेणाऱ्यावर तर डोळे मिटून ठेवतात."

सारिकाला त्या वाक्याची भीती वाटली. का ते तिला तेव्हा नीट कळलं नाही.

*

पावसाळा सरून ओढ्याचं पाणी निवळायचे दिवस आले, आणि हिवरणीच्या ओढ्यात मासे पालथे पडले. गावाच्या वर, खिंडीजवळ रसायनांचा एक कारखाना सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते. गावच्या नळाचं पाणी त्याच ओढ्यातून यायचं.

तात्यांनी या वेळी फोन बाजूला ठेवला आणि तोंडं गाठली ती चालत जाऊन. ओढ्यावर मासे धरणारे भोई म्हणाले, मासे रोगाने मेलेले नाहीत, पाण्याने मेलेत. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, दोघांचे डोळे पिवळे झालेत, एकाची लघवी बंद पडली आहे, त्यांना घेऊन मी जिल्ह्याला निघाले आहे. पाणी तपासायला पाठवलंय, रिपोर्ट येईपर्यंत कुणी नळाचा थेंब तोंडात घालू नये, उकळूनही नको. दोन तोंडं झाली, तीही जिती. तात्या हलगी घेऊन निघाले, चावडी ते वेस. गावाने नळाकडे पाठ फिरवली. बैलगाड्या आणि टेम्पो लांबच्या विहिरींवरून पाणी आणू लागले.

तात्या स्वतः मात्र त्याआधी ते पाणी पीतच होते. दवंडी देऊन आले त्याच संध्याकाळी त्यांना ताप भरला.

"दोन दिवसांत येते," सारिका फोनवर म्हणाली.

"घाई करू नगंस. भीमाबाय हाय. विहिरीचं पानी आनून देतीया."

दोन दिवस सारिका निघू शकली नाही, कारण मैथिलीबाईंनी तिला एका नव्या कामात अडकवून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने कामांची यादी उघडली आणि तिला 'हिवरणी' हे नाव दिसलं. खाली लिहिलं होतं: माघारी दवंडी, आवाज आणि चेहरा उंबरठ्याचा, काल प्रसारित. पुढे थबकेचा आकडा होता. तो शून्याला टेकला होता.

तिने तो व्हिडिओ लावला. तात्या वेशीत उभे होते. अनवाणी. तीच हलगी, ताठ अंगठ्यामुळे पडणारा तोच अडखळता ठेका, तोच फुटलेला आवाज. "ऐका हो! पान्याचं म्या जे बोललो ते खोटं हुतं. रिपोट आला, पानी चांगलं हाय. माजा सबुद माघारी घेतो." व्हिडिओतले तात्या वेशीपासून चावडीपर्यंत आले. भीमाबाईंसमोर त्यांचा आवाज मुद्दाम जरा जास्त फुटला होता.

सारिका केबिनमध्ये गेली तेव्हा तिने दारही वाजवलं नाही.

"रिपोर्ट आलाय?"

"आठवडा तरी लागेल," मैथिलीबाई म्हणाल्या.

"मग पाणी चांगलं आहे हे कुणी ठरवलं?"

"वाईट आहे हेही कुणी सिद्ध केलेलं नाही. रिपोर्ट येईपर्यंत लोकांनी घाबरू नये एवढंच आपल्या ग्राहकाचं, त्या कारखान्याचं, म्हणणं आहे. कारखाना बंद पडला तर तिथल्याच पोरांच्या नोकऱ्या जातील."

"तुम्ही शब्द दिला होता. तात्यांना यादीतून काढते म्हणून."

"काढलंय. त्यांना आता काहीच दाखवत नाही आपण. त्यांची गरजच उरली नाही." मैथिलीबाईंच्या आवाजात खरीखुरी कणव होती आणि त्याचाच सारिकाला जास्त राग आला. "आवाज आणि चेहरा वापरायची परवानगी अटींमध्ये आहे. लाखो लोकांनी न वाचता मान्य केलंय, त्यांच्याबद्दल तू भांडलीस तर मी ऐकून घेईन. पण तुझ्या वडिलांनी वाचून मान्य केलंय, सारिका. अख्ख्या राज्यात ते एकटेच आहेत."

सारिका पर्स उचलून निघाली.

*

बॅटरीवरच्या एसटीला आवाज नसतो, त्यामुळे बसमधले फोन स्पष्ट ऐकू येतात. कराड सोडल्यावर मागच्या बाकावरून हलगीचा ठेका आला. मग पुढून आला. कुणी थबकत नव्हतं. एक बाई शेजारणीला म्हणाली, "बिचारा म्हातारा. किती वेळा माफी मागतोय बघा." सारिकाने वळून सांगितलं की हे खोटं आहे, हे माझे वडील आहेत आणि ते असं बोललेच नाहीत. बाईंनी तिच्याकडे दयेने पाहिलं आणि फोन छातीशी धरला. तात्या फोन उचलत नव्हते. डॉक्टरबाईंचा फोन लागत नव्हता. कानोसाच्या गणितातलं एकेक पान तिला आठवत होतं आणि त्यात सुटायची वाट कुठेच दिसत नव्हती. हे खोटं आहे असं सांगणारा तात्यांचा दुसरा व्हिडिओ टाकावा, तर लोक म्हणणार, आता हे कुठलं नवीन? माघारी घेतलेलं पुन्हा माघारी घ्यायची रीत हिवरणीत नव्हती.

ती उतरली तेव्हा दुपार कलली होती. बाजारपेठेतल्या नळावर रांग लागली होती. तीन दिवस विहिरींवरून पाणी ओढून लोक थकले होते आणि आता घागरी भरताना हसत होते. काल बहुतेक गाव विहिरींवरच होतं, त्यामुळे माघारी दवंडी सगळ्यांनी फोनवरच पाहिली होती. लेकरं नळाखाली ओंजळ धरून पीत होती.

नळापासून दहा पावलांवर तात्या उभे होते. कमरेला हलगी, अंगात ताप, डोळ्यांत पिवळी झाक. ते हलगी वाजवत होते आणि ओरडत होते, "पिऊ नगा! रिपोट आला न्हाई! पिऊ नगा!"

कुणी चिडत नव्हतं. कुणी हुसकावतही नव्हतं. चिडले असते तर बरं झालं असतं असं सारिकाला वाटलं. लोक त्यांच्यावर माया करत होते. एकाने त्यांना सावलीत ओढलं. दुसरा म्हणाला, "तात्या, तुमीच काल माघारी घेतलासा की. आता इस्रांती घ्या. डोक्यात ताप गेलाय."

"मी बोललोच न्हाई!"

"बरं बरं, न्हाई बोललासा," तो समजुतीने म्हणाला आणि त्याने बाकीच्यांकडे पाहून डोळे मिचकावले.

सारिका गर्दीत घुसली. "तात्या! मी आलेय. तुमचं खरं आहे. तो व्हिडिओ आमच्या कंपनीनं बनवलाय. ऐका सगळेजण, नळ बंद करा! हे पाणी विषारी आहे!"

घागरी भरतच राहिल्या. तात्यांनी मात्र तिचा हात धरला आणि ते खाली बसले. त्यांचा तळवा तापल्या तव्यासारखा पोळत होता. भीमाबाई तांब्या घेऊन पुढे आल्या. तांब्यात नळाचं पाणी होतं.

"भीमाबाई, नका देऊ ते!"

"अगं, घसा कोरडा पडलाय त्येंचा, सकाळधरनं वरडत्यात. दोन दिस तापानं त्येनला कायबी सुधरंना. तू न्हवतीस, मी हुते उशाला." भीमाबाईंच्या डोळ्यांत पाणी होतं. "मी सवता ऐकलं पोरी. पानी वढून वढून मला दिस कळंना का रात, पर फोनात मी बी हाय. माज्याम्होरं हुबा ऱ्हाऊन त्येंचा आवाज फुटलाय. माजा ऊर भरून आला. ते खोटं असंल व्हय?"

त्यांनी एका हाताने फोन पुढे केला. तात्यांनी तो घेतला आणि त्यांच्या सवयीप्रमाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. डोळ्यांजवळ धरून पाहिला. स्वतःचे अनवाणी पाय पाहिले, अंगठा पाहिला, ठेका ऐकला. मग मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर सारिकाने आजवर कधी न पाहिलेली भीती होती.

"सारिका, मी बोललो असंन का गं?"

"नाही तात्या! मी सांगते ना. तुम्हाला माहीत आहे तुम्ही बोलला नाहीत."

"मला म्हाईत हाय, ते धरायचं न्हाई," तात्या थकलेल्या आवाजात म्हणाले. "तापात मला भान न्हवतं. फोन म्हन्तोय मी बोललो."

"फोनातली तोंडं एकाच माणसाची असतात, मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"व्हय. म्हनून फोनाचं एकच धरतो. आन् ही भीमाबाय. ही जिती हाय, माज्या उशाला बसलेली. ही खोटं बोलायची न्हाई." त्यांनी ताठ अंगठ्याच्या हाताची दोन बोटं वर केली. "ही दोन तोंडं झाली, पोरी. तुजं एकच हाय."

"तात्या, माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला. "हाय की. पर इस्वासावर दवंडी देता येत न्हाई."

मग त्यांनी वाकून पायातल्या वहाणा काढल्या आणि नीट बाजूला ठेवल्या. भिंतीला धरून ते उठले, हलगी सरळ केली आणि वेशीकडे तोंड केलं. रांगेतले लोक हळूहळू गप्प झाले. फोन वर झाले.

"काय करताय? तात्या, काय करताय तुम्ही?"

"आज सकाळधरनं गावाला पिऊ नगा म्हनून वरडलोय," तात्या म्हणाले. "ते माघारी घ्याय नगं?"

भीमाबाईंनी तांब्या त्यांच्या ओठांशी नेला. सारिकाने झडप घातली, पण मागून कुणीतरी तिला मायेने धरून ठेवलं. वाट लांबची होती आणि घसा कोरडा होता. तात्या गटागटा पाणी प्यायले, तोंड पुसलं आणि चालू लागले.

वेशीतून हलगी ऐकू आली तेव्हा नळावरचा सगळा बाजार एका आवाजात म्हणाला, "ऐकलं."